गाळलेल्या जागा

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गाला एका नाटकाचे दूरचित्रवाणीसाठी केलेले जुने चित्रीकरण दाखवीत होतो. एका वाहिनीने ते पुन्हा प्रसारित केले तेव्हा कोणीतरी उतरवून घेतलेली ही प्रत होती. तिसऱ्या अंकात वृद्ध नायक मंद उजेडात खुर्चीवर बसला आहे आणि मुलाची बातमी ऐकताना तो एक शब्दही बोलत नाही. हा प्रयोग मी रंगमंचावर पाहिला होता. त्या प्रसंगी नटाच्या गालाचा स्नायू किंचित थरथरतो आणि तेवढ्यावर सारा अंक तोललेला आहे, हे वर्गाला आधीच सांगून ठेवले होते. पडद्यावर प्रसंग आला. चेहरा जागच्या जागी थिजलेला, मागचा अंधार चौकोनी ठिगळांचा. बातमी सांगणारा हातवारे करीत होता तो मात्र स्वच्छ दिसत होता. एका विद्यार्थिनीने निरागसपणे विचारले, "सर, हा अभिनय आहे की फोटो?"

प्रसारणाच्या क्षेत्रात काम केलेल्या एका स्नेह्याला मी ही तक्रार सांगितली. तो म्हणाला, "यात काही बिघडलेले नाही. यंत्रणेने तिचे काम चोख केले आहे." गालाची ती थरथर इतकी सूक्ष्म होती आणि उजेड इतका कमी होता, की पाहणाऱ्याला ती जाणवणार नाही, असा निर्णय झाला आणि ती गाळली गेली. निर्णय कोणा माणसाने घेतला नव्हता. पण माणसांनी आधी घालून दिलेल्या नियमांनी तो घेतला होता. त्या दिवसापासून दूरचित्रवाणीच्या चित्राचे संक्षेपण, तंत्रज्ञ ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात ते, हा मला केवळ अभियंत्यांचा विषय वाटेनासा झाला. काय ठेवायचे, काय गाळायचे आणि गाळलेले कोणाच्या ध्यानात येणार नाही, हे ठरवणे म्हणजे संपादन होय. आणि संपादन हा आपला विषय आहे.

प्रथम एक साधा हिशेब. भारतात वर्षानुवर्षे प्रचलित असलेल्या साध्या, म्हणजे हाय डेफिनिशन नसलेल्या, डिजिटल चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू असतात. अशी २५ चित्रे एका सेकंदात दाखवावी लागतात. प्रत्येक बिंदूच्या प्रकाशासाठी व रंगासाठी मिळून सरासरी १६ बिट धरले, तर सेकंदाला १६ कोटी ५८ लाखांहून अधिक बिट पाठवावे लागतील. उपग्रहावरून येणाऱ्या अशा वाहिनीच्या वाट्याला प्रत्यक्षात अनेकदा तीस-चाळीस लाखच येतात. म्हणजे चाळीस ओळींचा मजकूर एका ओळीत सांगायचा आणि वाचणाऱ्याला पूर्ण मजकूर वाचल्याचे समाधान द्यायचे.

ही काटकसर डिजिटल युगाने आणली असे मात्र नाही. दूरचित्रवाणी जन्मापासूनच संक्षेपाने जगत आली आहे. १९३० च्या दशकातच चित्राच्या आधी विषम आणि मग सम ओळी पाठवण्याची युक्ती रुजली. दर सेकंदाला ५० अर्धी चित्रे येत आणि डोळा त्यांची सांधणी करी. रंग आला तेव्हाही हेच झाले. माणसाचा डोळा उजेड-अंधाराचे बारकावे जितके टिपतो तितके रंगाचे टिपत नाही, या निरीक्षणाच्या आधारे रंगाला प्रकाशाच्या मानाने सुमारे चतुर्थांश जागा दिली गेली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आपण रंगीत दूरदर्शन पाहून हरखलो, तेव्हा आपल्या घरी आलेले चित्र म्हणजे तपशीलवार कृष्णधवल रेखाटनावर भरड कुंचल्याने फिरवलेला रंग होता. आपल्याला ते कळले नाही, यातच त्या युक्तीचे यश होते.

या साऱ्यामागचे तत्त्व साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा सिद्धान्त मांडला. त्यात त्याने दाखवले की सामान्य इंग्रजी मजकुरातील जवळजवळ निम्मी अक्षरे भाषेच्या रचनेनेच आधी ठरलेली असतात. लेखकाला निवडीचे स्वातंत्र्य उरते ते उरलेल्या निम्म्यात. या संदर्भात त्याने दोन टोकांची उदाहरणे दिली. एकीकडे ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश', जिथे पुनरुक्ती पुष्कळ. दुसरीकडे जेम्स जॉइसचे 'फिनेगन्स वेक', जिथे अर्थ दाटीवाटीने भरलेला. अभियांत्रिकीच्या या पायाभूत निबंधात जॉइस भेटतो, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांत सांगितली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

आपल्याकडचे उदाहरण मोडीचे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लिहीत नाहीत, शब्द तोडीत नाहीत, आणि रूढ शब्द तर एक-दोन अक्षरांच्या संक्षेपांनी उरकतात. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, कारण वाचणारा मराठी जाणतो आणि गाळलेल्या जागा भरू शकतो. पत्र पोचले त्या दिवशी हा व्यवहार निर्धोक असतो. परंतु दोनशे वर्षांनी तेच पत्र वाचणाऱ्या इतिहाससंशोधकाला एखाद्या विशेषनामापाशी अडून बसावे लागते. संक्षेप तोच, बदलला तो वाचक. ही बाब ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आजच्या चित्र-संक्षेपणाचा गाभा १९७४ सालच्या एका छोट्या निबंधात आहे. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद, त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव या तिघांनी तो लिहिला. त्याआधी, १९७२ मध्ये, या कल्पनेच्या अभ्यासासाठी अहमद यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते. ते नाकारले गेले. त्यांनी तरीही काम सोडले नाही. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या नावाने ओळखली जाणारी ही रीत पुढे छायाचित्रांच्या आणि दूरचित्रवाणीच्या संक्षेपणात सर्वत्र शिरली. १९९० च्या दशकाच्या मध्यास जगभर मान्य झालेली 'एमपेग-२' ही पद्धत तिच्यावरच उभी आहे.

ही रीत साध्या शब्दांत अशी सांगता येईल. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाचे वर्णन ६४ बिंदूंच्या यादीने न करता ६४ लहरींच्या मिश्रणाने करायचे. पहिली संख्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगते, पुढच्या काही संख्या ठळक चढउतार सांगतात आणि शेवटच्या संख्या अगदी बारीक नक्षी सांगतात. इथपर्यंत काही हरवत नाही. हा केवळ अनुवाद आहे आणि तो उलटा करता येतो. हानी होते ती पुढच्या पायरीवर. प्रत्येक संख्येला एका ठरावीक संख्येने भागून अपूर्णांक सोडून दिला जातो. पैसे सोडून रुपयांत हिशेब मांडावा तसा. बारीक नक्षीच्या संख्यांना अधिक मोठा भाजक लावतात, कारण डोळ्याला ती नक्षी कमी जाणवते. मग बहुतेक संख्या शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला फारशी जागा लागत नाही.

दुसरी काटकसर काळाची. लगतची दोन चित्रे बहुधा सारखीच असतात. तेव्हा दुसरे चित्र नव्याने न पाठवता पहिल्यातला कोणता भाग कुठे सरकला आणि काय बदलले एवढेच पाठवायचे. चित्रांमधला फक्त फरक पाठवावा ही कल्पना १९२९ च्या एका ब्रिटिश पेटंटमध्येच आढळते. ती व्यवहारात उतरायला पुढची साठ वर्षे लागली. येथे कथनशास्त्राच्या अभ्यासकाने थबकावे अशी एक गोष्ट आहे. काही चित्रे मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून रचली जातात. त्यासाठी पुढचे चित्र आधी पाठवावे लागते. घरातला संच भविष्यातले दृश्य आधी मिळवतो, झाकून ठेवतो, मधली दृश्ये त्यावरून अनुमानाने भरतो आणि मग सारे क्रमाने दाखवतो. आपल्यासमोर सरळ उलगडणारी गोष्ट पडद्याआड अशी मागेपुढे होत असते.

आता त्या नटाच्या गालाकडे परत जाऊ. थरथरीमुळे लगतच्या दोन चित्रांत पडलेला फरक इतका अल्प होता की भागाकारानंतर तो शून्य झाला. शून्याचा अर्थ 'काही बदलले नाही'. संचाने मागचाच गाल पुन्हा दाखवला. हातवारे करणाऱ्याचा फरक मोठा, म्हणून तो टिकला. अर्थात या पद्धतीला मोठा आवाज ऐकू येतो आणि कुजबुज ऐकू येत नाही, असे मी म्हणणार नाही. पुरेसे बिट दिले तर तीच पद्धत कुजबुजही नेमकी पोचवते. बिट कमी पडू लागले की प्रथम बळी कोणाचा द्यायचा, हे मात्र तिच्या रचनेत ठरलेले आहे, आणि बिट किती द्यायचे हे बाजार ठरवतो.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडली पाहिजे. पूर्वी उपग्रहावरच्या ज्या एका वहनमार्गावर साधारणपणे एकच वाहिनी मावे, तिथे संक्षेपणामुळे दहा-बारा मावू लागल्या. आकाशातली जागा स्वस्त झाली म्हणूनच मराठीसारख्या भाषेतल्या स्वतंत्र खाजगी वाहिन्या परवडू लागल्या. 'अल्फा मराठी' १९९९ मध्ये सुरू झाली ती याच काळात. २००४ च्या अखेरीस प्रसार भारतीने मासिक वर्गणी नसलेली थेट-घरी सेवा सुरू केली, ती पुढे 'डीडी फ्री डिश' झाली. केबलच्या तारा न पोचलेल्या वाड्या-वस्त्यांवर एक तबकडी लावून अनेक वाहिन्या दिसू लागल्या. ज्या घरात पूर्वी काहीच दिसत नव्हते, तिथल्या माणसाला 'तुझ्या चित्रात चौकोन दिसतात' असे सांगणे हा शहरी चोखंदळपणा झाला. प्रसारणासाठी संक्षेपण हवेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न पडतो तो वाचलेल्या जागेच्या वापराविषयी. २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि २०१३ च्या मार्चमध्ये पुणे, नागपूरसारख्या शहरांत केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले, तेव्हा ग्राहकाला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: चित्र अधिक स्पष्ट दिसेल आणि वाहिन्या अधिक मिळतील. या दोन आश्वासनांत एक ताण आहे, तो कोणी बोलून दाखवला नाही. जागा ठरलेली असेल तर प्रत्येक नवी वाहिनी शेजारणीच्या ताटातला घास घेते. एका मार्गावरच्या वाहिन्यांत बिटांचे वाटप क्षणाक्षणाला बदलण्याचीही सोय असते: ज्या दृश्याला गरज अधिक त्याला बिट अधिक. तत्त्व न्याय्य आहे. पण 'गरज' मोजली जाते ती दिसणाऱ्या हालचालीने आणि गुंतागुंतीने. क्रिकेटचे मैदान भुकेले ठरते आणि एका जागी बसून कविता वाचणारा कवी अल्पसंतुष्ट. कवीच्या चेहऱ्यावर काय घडते आहे, हे मोजण्याचे माप या वाटपात नाही.

हेही एक वेळ सोसता येईल. प्रसारण क्षणिक असते. आज पाहिले, उद्या विसरले. माझी खरी चिंता जतनाची आहे, आणि ती स्पष्ट करण्यासाठी ब्रिटनमधली एक घटना सांगतो.

बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. 'डॅड्ज आर्मी' या लोकप्रिय विनोदी मालिकेचा १९६९ सालचा 'रूम ॲट द बॉटम' हा रंगीत भागही असाच पुसला गेला. उरली ती फक्त परदेशी विक्रीसाठी केलेली कृष्णधवल फिल्म. तिथल्या रंगीत प्रसारणात रंगाची माहिती कृष्णधवल चित्राच्याच पट्ट्यात, सूक्ष्म तपशिलांच्या जागेत दाटून बसवलेली असे. जागा वाचवण्याची ती त्या काळची युक्ती. परिणामी कृष्णधवल पडद्यावर रंगीत भागांत बारीक ठिपक्यांची जाळी दिसे. ही जाळी म्हणजे चित्रातला मळ, असेच सारे मानीत. फिल्म तयार करताना ती गाळून टाकायची राहून गेली आणि ठिपके फिल्मवर उमटले. जवळजवळ चाळीस वर्षांनी तंत्रज्ञांच्या एका लहान गटाच्या ध्यानात आले की या ठिपक्यांतच हरवलेले रंग आहेत. त्यांनी ते वाचण्याची रीत शोधली आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये तो भाग पुन्हा रंगांत प्रसारित झाला.

आता विचार करा. ती फिल्म आजच्या पद्धतीने कसून संक्षेपित करून ठेवली असती आणि मूळ टाकून दिली असती, तर सर्वांत आधी काय गेले असते? ते ठिपकेच, कारण ते बारीक नक्षीचे, डोळ्याला न जाणवणारे आणि अर्थहीन होते. ज्याला एका पिढीने मळ म्हटले, तो दुसऱ्या पिढीचा पुरावा ठरला.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. वि. स. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून संहिता सिद्ध केली. ती सिद्ध करताना जे पाठ त्यांनी नाकारले, ते टाकून दिले नाहीत. प्रत्येक पानाच्या तळाशी ते बारीक अक्षरांत बसलेले आहेत. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर पुढच्या अभ्यासकाला तो उलटवता यावा, ही त्यामागची नम्रता. लेखनिकांच्या चुकाही उपयोगी पडतात. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्यांचे कूळ जुळते. महानुभावांनीही हे ओळखले होते. केसोबासांनी 'लीळाचरित्रा'तून चक्रधरस्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. परंतु सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले ते सांगणारा 'प्रकरणवश' परंपरेने त्याच्या सोबत ठेवला. संक्षेप केला, आणि संक्षेपापासून मुळाकडे जाणारी वाटही राखली.

आपल्या काळात ही वाट मोडते आहे. ज्या नाटकाच्या प्रतीने हा लेख सुरू झाला, त्याच्या मूळ फितींची मी त्या वाहिनीकडे चौकशी केली. उत्तर आले, "फिती डिजिटल करून झाल्यावर निकालात काढल्या." 'डिजिटल करणे' म्हणजे जतन करणे, हा समज आपल्या संस्थांत, आणि खरे तर आपल्या मराठी विभागांतही, खोलवर रुजलेला आहे. परंतु डिजिटल प्रत म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रसारणासाठी आवळलेली प्रत आणि मुळाबरहुकूम प्रत यांना आपण एकाच शब्दाने ओळखतो. मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती कपाटात ठेवून मूळ कादंबरी रद्दीत घालावी, तसा हा प्रकार आहे.

संक्षेपणाचे दोन प्रकार आहेत, हे सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. एकात काही गाळले जाते. दुसऱ्यात काहीही न गाळता केवळ पुनरुक्ती आवरली जाते आणि उलगडल्यावर मूळ जसेच्या तसे मिळते. अमेरिकेचे लायब्ररी ऑफ काँग्रेस आपल्या दृकश्राव्य संग्रहासाठी हा दुसरा प्रकार वापरते. त्यात बचत अर्थातच कमी, साधारण निम्मी किंवा थोडी अधिक. साध्या चित्राचा एक तास मुळात सुमारे ७५ गिगाबाइटचा, तो तीस-पस्तीसवर येतो. म्हणजे एक टेराबाइटच्या साठ्यात पंचवीस-तीस तास बसतात, आणि एवढा साठा आज साधे महाविद्यालयही विकत घेऊ शकते. आकाशातली जागा मर्यादित आहे, ही सबब प्रसारणाला शोभते. कपाटातल्या जागेला ती लावण्याचे दिवस गेले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. प्रसारणात हवे तितके गाळा. पण जतनाच्या प्रतीत काही गाळू नका, आणि मूळ फीत, ती वाचता येण्याजोगी असेतोवर, निकालात काढू नका. जुने प्रयोग, लेखकांच्या मुलाखती, कविसंमेलने यांच्या प्रती देणाऱ्या संस्थांनी ती प्रत कशावरून, कोणत्या पद्धतीने आणि किती आवळून केली ते प्रतीवर लिहावे. आणि आपण अभ्यासकांनी, हस्तलिखिताचा उल्लेख करताना पोथी कोणती ते सांगतो तसे, चित्रफितीचा उल्लेख करताना प्रत कोणती ते सांगावे. 'नटाचा चेहरा येथे निर्विकार आहे' असे वाक्य प्रबंधात लिहिण्यापूर्वी तो निर्विकारपणा नटाचा आहे की भागाकाराचा, हे तपासणे आपले काम आहे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी वर्गात शब्दांनी उत्तर दिले. गाल कसा थरथरला होता ते सांगितले, आणि तिने ते वहीत उतरवून घेतले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. माझी आठवण खरी आहे की मीच तिच्यात काही भरले आहे, हे पडताळून पाहण्यासाठी तिला आता कुठेही जाता येणार नाही.